मेलाटोनिनआधी मुलाचे पाय बघा

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलाला स्किझोफ्रेनिया आहे, रिस्पेरिडोनने, म्हणजे त्याच्या मुख्य गोळीने, कानात येणारे आवाज बरेच कमी झालेत, पण रात्रभर घरात फेऱ्या मारतो आणि पहाटे चारनंतर कुठे झोपतो. मेलाटोनिनने (झोपेच्या हार्मोनची गोळी) फरक पडेल का, आणि पडला तर मुख्य गोळी कमी करता येईल का, असं विचारलंय. माझ्या धाकट्या भावाचं अगदी हेच झालं होतं, म्हणून सविस्तर लिहितोय. मी डॉक्टर नाही, शुभंकर आहे, म्हणजे घरच्या रुग्णाची काळजी घेणारा. औषधातला कुठलाही बदल सायकियाट्रिस्टला विचारूनच करा.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: नाही. मेलाटोनिनने भास-संशय आटोक्यात येत नाहीत. मुख्य गोळीची जागा ते घेऊ शकत नाही.

पहिल्या प्रश्नात मी 'फेऱ्या मारतो' या शब्दांपाशी अडलो. आम्ही तेव्हा जिथे दाखवत होतो तिथे फॉलोअप म्हणजे दोन मिनिटं. झोप येते का? नाही. मग डोस वाढवू. वर मेलाटोनिन जोडलं, पुढे तेही वाढवलं. भाऊ मात्र जास्तच बेचैन. जेवताना उठायचा, बसायचा, परत उठायचा. बेसिनपाशी दात घासतानाही एक पाय उचल, दुसरा टेकव, असं सारखं चालू. अंथरुणावर पडला की पाय स्वस्थ राहीनात. 'आतून कुणीतरी ढकलतंय' म्हणायचा. ते वाक्य तिथे भास म्हणून लिहून घेतलं आणि गोळी पुन्हा वाढली. त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

तो अकॅथिसिया होता, म्हणजे स्वस्थ बसू न देणारी आतली तगमग. डोपामिन हे मेंदूतलं रसायन अडवणाऱ्या याच औषधांचा साइड इफेक्ट, आणि डोस वाढवला की बहुतेक वेळा तोही वाढतो. दुसऱ्या डॉक्टरांनी भावाला समोर बसवलं, मग उभं केलं आणि शांतपणे पाय बघत राहिले. डोस हळूहळू खाली आणला, प्रोप्रॅनोलॉल दिलं (दमा असेल तर ते चालत नाही, आधीच सांगा). तगमग ओसरली. अशा बेचैनीत मेलाटोनिन कितीही द्या, माणूस झोपणार कसा? आणि हे अंगावर काढू नका. अकॅथिसियात जीव नकोसा होतो, आत्महत्येचे विचार येऊ शकतात. मुलगा तसं काही बोलला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. तोवर फेऱ्या मारतानाचा छोटा व्हिडिओ काढून ठेवा. दोन मिनिटांच्या ओपीडीत आपल्या सांगण्यापेक्षा तोच जास्त ऐकला जातो.

तगमग गेल्यावरही भावाची झोपेची वेळ पहाटेचीच राहिली. मेलाटोनिनचा उपयोग झाला तो इथे. अंधार पडला की मेंदूतली पिनिअल ग्रंथी ते सोडते आणि शरीराला रात्र झाल्याचं कळतं. डोळ्यांवर प्रखर उजेड पडला की ते दबतं. स्किझोफ्रेनियात शरीराचं हे घड्याळ बिघडलेलं अनेकदा दिसतं. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी 2012 साली स्किझोफ्रेनियाच्या 20 जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आजार औषधांनी स्थिर असूनही सगळ्यांचं झोपेचं चक्र विस्कटलेलं होतं, आणि त्यातल्या निम्म्यांचं घड्याळ दिवस-रात्रीशी जुळतच नव्हतं.

म्हणून माझं ठाम मत: डोसपेक्षा वेळ महत्त्वाची. आधीच्या ठिकाणी 'झोपताना एक' एवढंच लिहिलेलं असायचं. पहाटेपर्यंत सरकलेली झोप मागे ओढायची तर लहान डोस, अर्धा मिलिग्रॅमसुद्धा, झोपेच्या काही तास आधी देतात. नव्या डॉक्टरांनी तसंच केलं, सोबत सकाळी उठल्या उठल्या उजेडात बसायला लावलं. झोप हळूहळू मागे आली. आवाज होते तेवढेच राहिले, पण दिवसा माणूस जागा असायला लागला. हे एका घराचं सांगतोय, सगळ्यांना असंच होईल असं नाही.

गोळी कुठलीही उचलू नका. कॅनडात 2017 साली मेलाटोनिनची 31 उत्पादनं तपासली, तेव्हा आतलं प्रमाण लेबलपेक्षा 83 टक्के कमी ते 478 टक्के जास्त निघालं. काहींत चक्क सेरोटोनिन हे वेगळंच रसायन सापडलं. डॉक्टरांकडून खात्रीचा ब्रँड लिहून घ्या.

या औषधांनी वजन वाढतं, त्यासाठी मेलाटोनिन घ्या असंही कुणी सांगेल. 2014 च्या एका अभ्यासात ओलान्झापीन या स्किझोफ्रेनियावरच्याच औषधाबरोबर ते दिल्यावर वजन कमी वाढलं होतं; त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासात फायदा बायपोलरवाल्यांना दिसला, स्किझोफ्रेनियावाल्यांना नाही. एवढ्यावर मी तरी ते देणार नाही. मुलगा जोरात घोरत असेल तर मात्र स्लीप अ‍ॅप्नियाची (झोपेत श्वास अडकण्याचा आजार) तपासणी करून घ्या, वजन वाढलं की तो मागे लागतो.

सिगरेट ओढत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. धुरामुळे मेलाटोनिन शरीरातून लवकर निघून जातं. फ्लुव्हॉक्सामीन (नैराश्य-ओसीडीवरचं औषध) चालू असेल तर उलट, मेलाटोनिन रक्तात कितीतरी पट चढतं. आणि पुढे कधी क्लोझापीन किंवा ओलान्झापीनवर नेलं, तर सिगरेट सोडण्याआधी डॉक्टरांशी बोलून घ्या, कारण ती अचानक सुटली की या दोन्ही औषधांची रक्तातली पातळी वाढते.