२०२२ मध्ये आलेल्या नव्या अल्बमपैकी तुमचे सगळ्यात आवडते कोणते आणि का?

आवडते म्हणजे वाजवायचे का ऐकायचे ते तुम्ही विचारलं नाही, आणि माझ्यासाठी हे दोन एकदम वेगळे विषय आहेत म्हणून आधी थोडं माझ्याबद्दल सांगतो. अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूर तालुक्यात आमचं गाव, साडेचार एकर शेती आणि सोबत साउंड सर्व्हिस. लग्न, भागवत सप्ता, जयंती, गणपती, देवी, सगळं करतो. चार बेस आणि चार टॉप असे स्पीकर, एक मिक्सर आणि एक जुनं जनरेटर, जे सुरू करायला दोन माणसं लागतात.

वरातीत कोणताच अल्बम पूर्ण वाजत नाही. एक गाणं, तेही दीड मिनिट, की लगेच दुसरा पोट्टा मोबाइल घेऊन मिक्सरजवळ हजर. अल्बम मी ऐकतो ते ओलिताच्या, म्हणजे पिकाला पाणी द्यायच्या रात्री. आमच्याकडे चार दिवस लाइन, म्हणजे मोटारीची वीज, रात्रीची असते, हरभऱ्यात स्प्रिंकलर एका जागी अडीच-तीन तास चालू द्यायचे आणि मग पाइप उचलून पुढे न्यायचे, तेवढ्या वेळात माणूस करणार काय. धुऱ्यावर शेकोटी, कानटोपी, छोटा ब्लूटूथ स्पीकर आणि एक अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटपर्यंत. ज्याच्या नादात पाइप बदलायला उशीर झाला तो अल्बम चांगला, माझं माप एवढंच आहे. आता २०२२ च्या डिसेंबरात वर्षभराचे सगळे पुन्हा या मापानं ऐकून काढले, म्हणून उत्तर ताजं आहे.

पहिला नंबर ‘मी वसंतराव’. १ एप्रिलला सिनेमा आला आणि राज्यातले कोरोनाचे निर्बंधही त्याच दिवसापासून उठले त्यामुळे तारीख डोक्यात पक्की बसली. दोन वर्षं माझे बेस घरात पडून होते, बायकोनं त्यांच्यावर तुरीचे कट्टे रचले होते, उंदरांनी वायरी कुरतडल्या होत्या. त्या वायरी सोल्डर करत बसलो होतो आणि मोबाइलवर हे गाणे लावून दिले. यात माझा थोडा स्वार्थही आहे, कारण ज्यांच्यावर हा सिनेमा आहे ते गायक वसंतराव देशपांडे आमच्या मूर्तिजापूरचे, १९२० चा जन्म. मूर्तिजापूर म्हटलं की लोकांना गाडगेबाबा आठवतात, नाहीतर शकुंतला आठवते, ती छोट्या रुळाची गाडी, यवतमाळला आणि अचलपूरला जायची ती, आता बंद पडली. वसंतराव कोणाला आठवत नाहीत. खोटं कशाला बोलू, मी पण त्यांना पुण्याचेच समजत होतो. लहानपणीच आईसोबत नागपूरला गेले, तिथं शंकरराव सप्र्यांकडे शिकले, पुढे लाहोरला जाऊन मारवा राग शिकून आले आणि मग कितीतरी वर्षं मिलिटरी अकाउंट्समध्ये कारकुनी केली. १९६७ मध्ये ‘कट्यार काळजात घुसली’ नाटकातले खाँसाहेब झाले तेव्हा ४७ वर्षांचे होते. हे वाचून मला लय बरं वाटलं, माझे अजून काही वर्षं शिल्लक आहेत.

संगीत त्यांच्या नातवाचं, राहुल देशपांडेंचं, आजोबांचं काम पण त्यांनीच केलं आणि गायले पण तेच. जुलैत राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाले त्यात गाण्याचा त्यांना मिळाला आणि साउंड डिझाइनचा पण याच सिनेमाला, अनमोल भावेंना, मला साउंडवाल्याला त्याचाच आनंद जास्त झाला. अल्बम मोठा आहे, लावणी आहे, बंदिशी आहेत, नाट्यसंगीताच्या वळणाचं आहे, आणि मधले दोन-तीन ट्रॅक सिनेमा न पाहता नुसते ऐकले तर अर्धवट वाटतात हेही सांगून टाकतो. पण ‘कैवल्यगान’ सुरू झालं की मी पाइप सोडा, शेकोटीत लाकूड टाकायचं पण विसरतो.

एप्रिलमध्येच एका गावी सप्ता होता. पहाटे माइक टेस्टिंगला नेहमीचं भक्तिगीत सोडून मी हेच लावलं. काकड्याला आलेले विणेकरी बुवा वीणा गळ्यात तशीच घेऊन मिक्सरजवळ येऊन उभे राहिले.

“कोन गाऊन राह्यलं हे?”

म्हटलं, “वसंतराव देशपांडेंचा नातू आहे बुवा. आपल्या मूर्तिजापूरचे होते ते.”

“आपल्या मूर्तिजापूरचे?” बुवांनी थोडा विचार केला. “मंग इकडं काऊन नाही येत थे?”

आता याचं उत्तर मी काय देणार होतो.

दुसरा ‘चंद्रमुखी’. अजय-अतुलचं संगीत, २९ एप्रिलला सिनेमा आला म्हणजे ऐन लग्नसराईत. ‘चंद्रा’ मी या सीझनला किती वेळा वाजवलं याचा हिशोब ठेवला असता तर श्रेया घोषालनं गायलं त्यापेक्षा जास्त माझ्याकडूनच वाजलं असं निघालं असतं. गाणं चांगलंच आहे, वाद नाही. माझी तक्रार आमच्या पोट्ट्यांबद्दल आहे. ओरिजनल लावलं की दोन मिनिटात ओरडतात की बेस नाही बेस नाही, मग त्याचं डीजे मिक्स लावा, ज्यात ढोलकीच्या जागी नुसतं धडधड धडधड आणि बाईचा आवाज विहिरीतून आल्यासारखा. अरे बावा, लावणीत ढोलकीची थाप आणि घुंगरू हेच सगळं आहे, ते ऐकू येण्यासाठी बेस कमी करून वरचं थोडं उघडावं लागते. मी दोन लग्नात तसं करून पाहिलं. एका ठिकाणी बाया खूश होऊन नाचल्या आणि दुसऱ्या ठिकाणी नवरदेवाच्या भावानं माझे दोन हजार कापले.

पण याच अल्बममधलं ‘बाई गं’ कोणी ऐकलं का नीट? आर्या आंबेकर गायली आहे, ती लिटिल चॅम्प्समधली, आता मोठी झाली, आणि जन्म तिचा नागपूरचा बरं का. ते गाणं घाई करत नाही. त्यात थांबायच्या जागा आहेत, आणि त्या जागेवर ती थांबते. पूर्ण सीझनमध्ये हे गाणं मला एकाच माणसानं मागितलं. कारंज्याकडच्या एका लग्नात, जेवणाच्या पंगती संपत आल्या होत्या आणि मी वायरी गुंडाळून राहिलो होतो, नवरीची आजी हळूहळू चालत आली आणि म्हणाली, “बाबू, थे चंद्राच्या शिनेमातलं दुसरं लाव ना, हळू असलेलं.” टॉप काढून गाडीत टाकले होते, म्हणून मोबाइल तिच्या कानाजवळ धरूनच ऐकवलं. पूर्ण ऐकलं तिनं. मग म्हणे जेवलास का.

तिसरा ‘झुंड’, मार्चमध्ये आला. हिंदी आहे पण नागपूरचा आहे, विजय बारसे सरांनी झोपडपट्टीतल्या पोरांना फुटबॉलला लावलं त्याच्यावर नागराज मंजुळेंनी काढलेला. संगीत परत अजय-अतुल. माझ्या धंद्याच्या हिशोबानं हा वर्षातला सगळ्यात कामाचा अल्बम, १४ एप्रिलला जयंतीच्या मिरवणुकीत ‘आया ये झुंड है’ लावलं आणि एवढा जल्लोष झाला की जनरेटर एका दमात सुरू झालं ते बंद करू दिलं नाही कोणी. दोन वर्षांनी मिरवणूक निघाली होती ना, म्हातारे माणसं पण नाचत होते. ‘लफडा झाला’ तर चारदा झालं. त्यातलंच ‘बादल से दोस्ती’ मात्र रात्रीचं गाणं आहे. सिद श्रीराम गायला आहे, काही लोकांना त्याचे हिंदी उच्चार खटकतात, मला नाही खटकत, आमचं हिंदी ऐकलं तर त्यांना कळेल खटकणं काय असते.

आता तुम्ही अल्बम म्हणालात, पण मी यात कोक स्टुडिओ पाकिस्तान या गाण्यांच्या कार्यक्रमाचा सीझन १४ पण धरतो, कारण मी तो सलग ऐकला. ‘पसूरी’ सगळ्यांनी ऐकलं असेलच, आमच्याकडे रिंगटोन झाली होती, अर्थ कोणाला कळत नव्हता तरी. माझं आवडतं ‘काना यारी’. बलुची भाषा आहे, एक शब्द समजत नाही, पण त्यात वहाब बुगटी म्हणून जो पागोटेवाला गायक आहे, हातात तंतुवाद्य घेऊन गातो, तो मला आमच्याकडे सुगीच्या दिवसात एकतारी घेऊन येणाऱ्या माणसासारखा वाटला. स्टुडिओत बसून गाते आहे पण आवाज अंगणातला. मग ऑगस्टमध्ये तिकडे पूर आला त्यात त्याचं घर पडलं, लेकरांना घेऊन उभा असलेला त्याचा फोटो सगळीकडे फिरत होता. यंदा जुलै-ऑगस्टमध्ये आमच्या विदर्भातही काय पाऊस झाला ते तुम्ही बातम्यात पाहिलं असेल, माझं दीड एकर सोयाबीन पाण्यात उभं होतं, पिवळं पडून गेलं. तो फोटो पाहिला त्या दिवसानंतर ‘काना यारी’ मी बरेच दिवस लावलं नाही.

इंग्रजीतलं माझं ज्ञान म्हणजे पुण्याला शिकणारा भाचा जे पाठवेल ते. टेलर स्विफ्टचा ‘मिडनाइट्स’ पाठवला, नाव पाहून वाटलं ओलितावरच असेल, पण मला काही तो चढला नाही, पाइप वेळेवर बदलले. बियॉन्सेचा ‘रेनेसाँ’ मात्र जुलैत आला तेव्हापासून मी डीजे म्हणून तिला मानलं. १६ गाणे आहेत आणि एक संपून दुसरं कधी लागलं ते कळत नाही, मधे गॅपच नाही, ठेका हातातून सुटत नाही. हे मी वरातीत करायचा प्रयत्न करतो, दोन गाण्यांचा स्पीड जुळवून एकातून दुसऱ्यात जायचं, आणि दहातून सात वेळा गचका बसतो. भाच्याला म्हटलं ही बाई आपल्या गावात आली तर माझा धंदा बंद. तो म्हणे मामा, ती यायची नाही, टेन्शन नका घेऊ.

आणि शेवटी ‘कला’. १ डिसेंबरला हा हिंदी सिनेमा नेटफ्लिक्सवर आला, आमच्याकडे नेटफ्लिक्स नाही पण गाणे मोबाइलवर मिळाले. अमित त्रिवेदीचं संगीत. जुन्या काळातल्या, रेकॉर्ड-रेडिओच्या जमान्यातल्या गायिकेची गोष्ट असल्यामुळे गाणे पण तशाच घडणीचे केले आहेत, पण नक्कल वाटत नाही. सिरिशा भागवतुला म्हणून मुलगी आहे, इंडियन आयडॉलमध्ये होती, तिनं ‘घोडे पे सवार’ आणि ‘फेरो ना नजरिया’ काय गायलं आहे राजेहो. ‘फेरो ना नजरिया’ला तर मी स्प्रिंकलरचा आवाज पण गाण्यातच धरला, नोझल फिरताना चिक चिक चिक होते ना, ते एका जागी बरोबर तालात आलं. त्या रात्री पाइप पाऊण तास उशिरा बदलले, हा या वर्षीचा रेकॉर्ड.

पण खरी गंमत बाजूच्या वावरात झाली. आमच्याकडे रानडुकरं आणि रोही, म्हणजे नीलगाई, फार, हरभरा ठेवत नाहीत, म्हणून रात्री जागल करणारे लोक स्पीकरवर मोठ्यानं काहीतरी लावून ठेवतात, भांडणाचे डायलॉग, कुत्र्याचं भुंकणं, डीजेचे गाणे. शेजारचे काका माझ्याकडे टॉर्च मारत मारत आले.

“काय लावून राह्यला तू?”

“‘कला’चे गाणे आहेत काका. नवीन अल्बम.”

“अबे, याच्यानं डुकरं पळतीन का? आयकत बसले माह्या वावरात. थे तुहं झुंडाचं लाव, जोरात.”

लावलं मग. ‘आया ये झुंड है’, फुल आवाजात, रात्री दीड वाजता. डुकरं गेली. पण त्यांच्यासोबत काकांची गाय पण दावं तोडून गेली आणि सकाळपर्यंत आम्ही दोघं तिला शोधत होतो.

‘वेड’ या मराठी सिनेमाचे गाणे पण येऊन राहिले आहेत, श्रेयाचं ‘सुख कळले’ ऐकलं, चांगलं वाटलं, पण सिनेमा ३० डिसेंबरचा आहे आणि पूर्ण अल्बम अजून एकाही पाळीत बसून ऐकला नाही, त्यामुळे नंबर देत नाही. परवापासून लाइन परत रात्रीची आहे, तेव्हा ऐकीन. तोपर्यंत काकांनी गाय लोखंडी साखळीनं बांधली आहे.