जलपरींची रूपांतरं वाचायला घेताय? सुरुवात सायानीपासून करा

ओव्हिड या रोमन कवीचं ‘मेटामॉर्फोसेस’ हे रूपांतरांच्या कथांचं काव्य 15 भागांचं आहे; पहिल्या पानापासून वाचू नका, दमछाक होते. थेट पाचवा भाग उघडा. त्यात सायानी आणि अरेथुसा या दोन जलपरींच्या कथा थोड्याच अंतराने भेटतात.

सायानीचा उतारा अगदी सावकाश वाचा. पर्सेफनी देवीचं अपहरण रोखता आलं नाही, या दुःखात ती स्वतःच्याच तळ्यात विरघळते. आधी अवयव सैल पडतात, हाडं वाकतात, नखांचा कठीणपणा जातो. मग सगळ्यात नाजूक भाग वितळतात: केस, बोटं, पाय. त्यानंतर खांदे, पाठ, छाती. शेवटी शिरांमध्ये रक्ताऐवजी पाणी. हा क्रम वहीत उतरवून काढाच, कवीचं खरं कसब तिथेच दिसतं.

अरेथुसाचं वेगळं. अल्फियस नदीदेव पाठलाग करतो, शिकारीची देवी आर्टेमिस तिला ढगात लपवते, भीतीने फुटलेल्या घामाचाच झरा होतो. पण अल्फियसही पुन्हा पाणी होऊन तिच्यात मिसळू पाहतो! म्हणजे रूप बदललं की सुटका झाली, असं धरून चालू नका. सिसिलीतल्या सिराक्यूज शहराच्या ऑर्टिजिया बेटावर तो झरा आजही आहे, त्यात पपायरस वाढतो.

नवख्यांचा घोळ बहुतेकदा इथे होतो: ओव्हिड रोमन, त्यामुळे त्याच्याकडे आर्टेमिसची डायाना होते. शिवाय त्याचीच कथा एकमेव नाही. पॉसेनियस या ग्रीक प्रवासलेखकाने दिलेल्या कथेत अल्फियस आधी शिकारी आहे, प्रेमापायी नदी झालेला. दोन्ही शेजारी ठेवून वाचा. डॅफ्नी आणि सिरिंक्स या जलपरींच्या कथा त्यानंतर वाचा, त्या पहिल्या भागात आहेत.