जोडीनं शिकवायचंय? आधी एवढंच करा

सर, तुम्ही आणि विज्ञानाच्या मॅडमनी मिळून एकाच वर्गात शिकवायचं ठरवलंत, फार छान. पण सगळ्या तासिका एकदम जोडीनं घेऊ नका. आठवड्यात एकच तास, एकच घटक.

टाचण, म्हणजे तासाचा आराखडा, एकत्र बसून काढा. सुरुवात कोण करणार, बाकांमधून कोण फिरणार, हे आधीच ठरवा. नवे लोक इथंच चुकतात. एक बोलत राहतो, दुसरा भिंतीला टेकून उभा, आणि मुलं त्याला मदतनीस समजू लागतात. म्हणून भूमिका आलटूनपालटून घ्या.

घटक गावातला निवडा. रावेर-यावलकडे केळी आहेच. दीड बाय दीड मीटरवर लावली तर हेक्टरी साधारण ४४४४ रोपं बसतात, हे गणिताचे सर म्हणून तुम्ही मुलांकडून काढून घ्या. ठिबकनं पाणी का वाचतं, ते विज्ञानाच्या मॅडम घेतील.

आणि अहिराणी बोलणारं पोर पुस्तकी मराठीत अडखळलं, की तुमच्यापैकी ज्याला अहिराणी येते त्यानं लगेच त्याच्याजवळ बसावं. सातपुड्याकडच्या शाळेत हेच तिथल्या पावरी बोलीचं. माझ्या मते वर्गात दुसरा शिक्षक असण्याचा सगळ्यात मोठा फायदा हाच.

मुलांसमोर एकमेकांचं बोलणं तोडू नका. तास संपल्यावर पाच मिनिटं बोला. मुलांचे गट करून ते दोघांकडे आळीपाळीनं फिरवणं वगैरे दिवाळीनंतर बघू.