चार महिन्यांचे पिल्लू सारखे चावते, ते पुढे हिंसक होईल का?

श्वान-वर्तनाबद्दल सल्ला विचारणाऱ्या ज्या कुटुंबांत तीन ते सहा महिन्यांचे पिल्लू असते, त्यांची तक्रार बहुधा एका वाक्यात मावते: पिल्लू चावते आणि मारले तरी ऐकत नाही. पुण्यात सिंहगड रस्त्याला राहणाऱ्या एका कुटुंबाने मला पाठवलेल्या निरोपात हीच तक्रार जरा सविस्तर होती. जूनमध्ये त्यांनी ओळखीतून दोन महिन्यांचे देशी पिल्लू घरी आणले होते, आणि आता ते चार महिन्यांचे झाले होते. ‘‘हात, पाय, पायजमा, आईच्या साडीच्या निऱ्या, काही म्हणून सोडत नाही. संध्याकाळी तर अंगावरच येते. वर्तमानपत्राची गुंडाळी करून फटका दिला की घटकाभर थांबते. आता तर नुसती गुंडाळी दिसली तरी जागच्या जागी शू करते. परवा मुलाच्या मनगटातून रक्त आले, आणि आता आम्ही जवळ गेलो की गुरगुरते. हे पिल्लू हिंसक निघाले आहे का? आत्ताच कोणाला देऊन टाकलेले बरे का?’’ कुटुंबाची ओळख राहू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत. पिल्लाला येथे चिकू म्हणू.

रक्त आले, असे वाचल्यावर माझा पहिला प्रश्न वर्तनाविषयी नव्हता. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुतली का, आणि मुलाला त्याच दिवशी डॉक्टरांकडे नेले का, हे मी विचारले. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रोगी वाचणे जवळजवळ अशक्य असते, त्यामुळे पिल्लू घरचे आहे, लहान आहे, त्याची लस झालेली आहे, अशा कोणत्याही कारणाने ही पायरी गाळू नये. सुदैवाने आईने मुलाला लगेच डॉक्टरांकडे नेले होते आणि चिकूला तीन महिन्यांचा झाल्यावर रेबीजची पहिली लसही दिली होती. दुसरी सूचना अशी केली की, मी येण्यापूर्वी पशुवैद्यकांकडून त्याची तपासणी करून घ्यावी, कारण कान दुखत असेल, गोचीड लागली असेल किंवा पोटात काही बिनसले असेल तर हात लावताच चावणारे पिल्लू वाईट वागत नसते, त्याला दुखत असते. तपासणीत दुखणे निघाले नाही, मात्र पुढचे दात पडत असल्याचे दिसले. आई म्हणाल्या की, फरशी पुसताना तांदळाच्या दाण्याएवढे काहीतरी सापडले होते, पण ते खडा समजून त्यांनी केरात टाकले.

कुत्र्याच्या पिल्लाला दुधाचे अठ्ठावीस दात असतात. साधारण चौथ्या महिन्याच्या सुमारास ते पडू लागतात आणि सहाव्या-सातव्या महिन्यापर्यंत बेचाळीस कायमचे दात येतात. या काळात हिरड्या शिवशिवतात आणि पिल्लाला काहीतरी चावल्याशिवाय राहवत नाही. त्याला हात नाहीत, त्यामुळे जगातील प्रत्येक वस्तू मऊ आहे की कडक, हलते की नाही, हे ते तोंडानेच पाहते. शिवाय दात किती जोरात लावायचे हे पिल्लू मुख्यतः भावंडांशी खेळताना शिकते. एकाने जोरात चावले की दुसरे केकाटून खेळ सोडते, आणि चावणाऱ्याला कळते की एवढ्या जोराला खेळ संपतो. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडू नये, असे म्हणतात त्याचे हे एक कारण आहे. चिकू वेळेवर आला होता, पण भावंडांकडचा हा अभ्यास पुढे चालू ठेवण्याची जबाबदारी आता घरातल्या माणसांवर आली होती, आणि ती त्यांना कोणी सांगितली नव्हती.

मी मुद्दाम संध्याकाळी गेले. चौथ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांच्या घरात नऊ वर्षांचा मुलगा शाळेतून साडेचारला येत असे आणि तेव्हापासून चिकूची झोप बंद होत असे. चेंडू, पळापळ, सोफ्यावरून उड्या, शेजारची मुले. साडेसातला वडील येत आणि दिवसभराची हौस म्हणून जमिनीवर बसून दोन्ही हातांनी त्याला ढकलत, लोळवत, बोटे नाचवून डिवचत. पहिली काही मिनिटे सगळे हसत होते. मग चिकूच्या डोळ्यांतल्या बाहुल्या मोठ्या झाल्या, त्याने खोलीभर दोन-तीन फेऱ्या वेड्यासारख्या मारल्या आणि वळून थेट मुलाच्या पायजम्याला लोंबकळला. मुलगा किंचाळून पळाला, म्हणून चिकू आणखी चेकाळला. ‘‘बघा, हे असे,’’ असे म्हणत वडील उठले आणि टीपॉयवरच्या वर्तमानपत्राकडे त्यांचा हात गेला. हात अजून वाटेतच होता, तोच पिल्लू पोट जमिनीला लावून, कान मागे पाडून, ओठ चाटत बसले आणि त्याच्याखाली ओले झाले.

हे दृश्य मी इतके सविस्तर सांगते आहे, कारण कुटुंबाच्या निरोपातले सगळे प्रश्न त्यात होते. चार महिन्यांच्या पिल्लाला दिवसाचे अठरा-वीस तास झोप लागते. चिकू तीन-साडेतीन तास सलग जागा होता आणि संध्याकाळचा त्याचा धिंगाणा ही थकलेल्या, झोपेला आलेल्या बाळाची किरकिर होती. हात हे खेळणे आहे, हे त्याला वडिलांनीच रोज साडेसातला शिकवले होते, आणि आठ वाजता त्याच हाताला दात लावल्याबद्दल त्याला मार मिळत होता. जमिनीवर झालेली शू हा निव्वळ भीतीचा परिणाम होता. तिच्यात खोडी नव्हती, सूड तर नव्हताच. आजींचे मत वेगळे होते. ‘‘त्याला कळते की चूक झाली, म्हणून तोंड पाडते,’’ असे त्या म्हणाल्या. बहुतेक घरांत असेच मानले जाते. अलेक्झांड्रा हॉरोविट्झ या अमेरिकन संशोधिकेने 2009 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात असे दिसले की, कुत्र्याचा तो अपराधी वाटणारा चेहरा त्याने खाऊ खरोखर पळवला होता की नाही यावर अवलंबून नव्हता. मालक रागावला की तो चेहरा दिसे, आणि काहीही न करता बोलणी खाणाऱ्या कुत्र्यांच्या चेहऱ्यावरही तो दिसे. चिकू आपल्या चुकीकडे पाहून तोंड पाडत नव्हता, समोरच्या माणसाच्या हाताकडे पाहून पाडत होता.

वडिलांना हे पटायला वेळ लागला आणि त्याचे कारण त्यांच्या स्वभावात नव्हते. त्यांनी मोबाइलवर बरेच व्हिडिओ पाहिले होते, त्यांत घरात ‘बॉस’ कोण हे कुत्र्याला पहिल्यापासून दाखवा, ते ऐकत नसेल तर उताणे पाडून दाबून धरा, असे ठासून सांगितलेले होते, आणि त्यांनी ते दोनदा करूनही पाहिले होते. या समजुतीचे मूळ रुडॉल्फ शेंकेल यांनी स्वित्झर्लंडमधील बाझेलच्या प्राणिसंग्रहालयातील लांडग्यांवर केलेल्या, 1947 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे. कळपातले लांडगे वरचढ होण्यासाठी एकमेकांशी झगडतात, असे त्यात दिसले होते, पण ते लांडगे एका बंदिस्त जागेत एकत्र ठेवलेले होते. रानातला कळप बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्ले असे एक कुटुंब असतो, हे पुढे स्पष्ट झाले. डेव्हिड मीच या लांडग्यांच्या अभ्यासकाने, ज्यांच्या लेखनामुळे ही कल्पना पूर्वी दूरवर पोहोचली होती, त्यांनीच 1999 मध्ये लेख लिहून ती बाजूला ठेवली. त्यातही कुत्रा म्हणजे लांडगा नव्हे, आणि चार महिन्यांचे पिल्लू घराची सत्ता बळकावायला निघालेले नसते. उताणे पाडून दाबल्याने त्याला एवढेच कळते की, या माणसाचा काही भरवसा नाही.

गुरगुरण्याची घरच्यांना सर्वांत जास्त धास्ती होती, आणि मी त्यांना सांगितले की ते गुरगुरते आहे हे एका अर्थी बरे आहे. ‘मला भीती वाटते, जवळ येऊ नका,’ हे सांगण्याचे ते त्याच्याकडचे स्पष्ट साधन आहे. गुरगुरण्याबद्दल मारत गेले तर कुत्रे गुरगुरणे सोडते, भीती मात्र तशीच राहते, आणि मग ते पूर्वसूचना न देता चावते. ‘अचानक चावला’ म्हणून ज्या मोठ्या कुत्र्यांना लोक घेऊन येतात, त्यांच्यापैकी काहींच्या मागे असा इतिहास निघतो.

त्या संध्याकाळी गुंडाळी घरातून गेली, आणि हे मी अट म्हणूनच घातले होते. बाकीच्या गोष्टी ठरवताना घरातील वेळापत्रकापासून सुरुवात केली. मुलगा शाळेतून आल्यावर अर्धा-पाऊण तास खेळ, मग शू करायला खाली नेणे, मग आतल्या खोलीत दार लोटून, दिवा बंद करून झोप. सुरुवातीला तो कुरकुरेल, म्हणून आजींनी तेथेच बसून जप करावा असे सुचवले, आणि ही कल्पना त्यांना इतकी आवडली की पुढे ती वेळ कोणी चुकवू लागले तर त्याच ओरडत. चावण्यासाठी त्याच्या मालकीच्या वस्तू हव्या होत्या: ओले करून पीळ घातलेले आणि फ्रीजरमध्ये गार केलेले जुने सुती फडके, जाड गाठी मारलेला दोर, आणि कोणीतरी जवळ असतानाच द्यायचे थंड गाजर. वडिलांनी खेळायचे ते दोराने, हाताने नाही.

आणि तरीही दात लागले तर? येथे कुटुंबे घाई करतात, म्हणून हे आम्ही तासभर करून पाहिले. दात लागताच हात झटकन मागे ओढायचा नाही, कारण पळणारी वस्तू पकडणे हा पिल्लाचा खेळच आहे. हालचाल थांबवायची, आवाज काढायचा नाही, नजर फिरवायची. सोडले की त्याच क्षणी ‘शाब्बास’ म्हणायचे आणि दोर पुढे करायचा. सोडले नाही, किंवा लगेच पुन्हा धरले, तर न रागावता उठून अर्धा मिनिट खोलीबाहेर जायचे. मुलासाठी याचेच खेळात रूपांतर केले: चिकू अंगावर आला की हाताची घडी घालून पुतळा व्हायचे. ‘त्याच क्षणी’ हे शब्द मी पुन्हापुन्हा उच्चारले, कारण वागणे आणि त्याचे फळ यांत चार-पाच सेकंदांचे अंतर पडले तरी पिल्लू त्या फळाचा संबंध भलत्याच गोष्टीशी लावते. दुपारी कुरतडलेली चप्पल संध्याकाळी नाकाशी धरून रागावण्याचा उपयोग का होत नाही, हे त्यांना यावरून आपोआप उमगले.

हाताची बसलेली भीती घालवणे हे त्याहून हळू काम होते आणि ते मी वडिलांकडेच सोपवले. उकडलेल्या चिकनचे नखाएवढे तुकडे वाटीत घेऊन जमिनीवर तिरके बसायचे, हात थोडासा पुढे करायचा, तुकडा द्यायचा, हात मागे; चिकूचे कान मागे गेले किंवा त्याने ओठ चाटले तर आपण फार जवळ गेलो असे समजून अंतर वाढवायचे. सुरुवातीला त्यांचा हात खांद्याच्या वर गेला की पिल्लू टेबलाखाली जात असे. काही दिवसांनी हाताची हालचाल दिसताच ते वाटीकडे पाहू लागले, आणि त्यानंतर मानेला स्पर्श, मग पट्टा घालणे, मग कानाची तपासणी असे एकेक जोडत गेलो. एका वेळी दोन-तीन मिनिटांपेक्षा जास्त वेळ नाही. वडिलांना हे फार संथ वाटे, ‘‘ऑफिसातून आल्यावर वाटी घेऊन बसतो, बायको हसते,’’ असे ते म्हणत. पण ते बसत.

पहिल्या आठवड्याच्या शेवटी आईंचा फोन आला की, प्रकार वाढला आहे. हे होणार, असे मी आधीच सांगून ठेवले होते. आजवर निऱ्या ओढल्या की आरडाओरडा आणि पाठलाग असे बक्षीस मिळत होते. ते एकाएकी बंद झाले की पिल्लू सोडून देण्याआधी आणखी जोर लावून पाहते. नेमक्या याच दिवसांत ‘प्रेमाने काही होत नाही’ असे म्हणून बहुतेक घरी हात उगारला जातो, आणि पिल्लू शिकते की जोर लावला की शेवटी काहीतरी घडतेच. या घराने ते दिवस काढले. संयम म्हणजे मुकाट्याने चावून घेणे, असा आईंचा समज होता, म्हणून मी त्यांना साडी तात्पुरती खोचून घ्यायला आणि स्वयंपाकाच्या वेळी दाराला लाकडी जाळी लावायला सांगितले. जे टाळता येते ते शिकवण्याच्या नावाखाली सोसत बसण्याची गरज नसते.

गणपतीत घर पाहुण्यांनी भरले. ढोल-ताशांचा आवाज, दिवसभर उघडे दार, झोपेचा बोजवारा, आणि एका काकांनी हौसेने पुढे केलेले बोट. चिकूने ते धरले. या वेळी कातडी फाटली नाही. त्याने दात लावले आणि स्वतःहून ढिले केले. घरच्यांना वाटले सगळे मुसळ केरात गेले, पण मला त्या वर्णनात सर्वांत महत्त्वाचे वाटले ते हे ढिले करणे, कारण जोर आवरणे तो शिकला होता आणि गोंधळातही ते टिकले होते. विसर्जनापर्यंत त्याला पाहुण्यांच्या वेळात आतल्या खोलीतच ठेवायचे ठरले.

सहाव्या महिन्यात सुळे आले, तोवर माणसांना दात लावणे बहुतांशी थांबले होते, फरशी पुसायच्या फडक्याशी मात्र त्याचे वैर आहे ते आहेच. देऊन टाकण्याचा विषय पुन्हा निघाला नाही. कुत्रे ताटलीपाशी ताठ होऊन रोखून पाहत असेल, अनोळखी माणसांवर धावून चावत असेल किंवा सहा-सात महिन्यांनंतरही चाव्याने जखमा होत असतील, तर मात्र घरगुती उपायांवर विसंबू नये, पशुवैद्यक आणि वर्तनतज्ज्ञ दोघांनाही दाखवावे, हे मी त्यांना लिहून दिले आहे. चिकूचे वय आता असे आहे की, शिकलेले मध्येच विसरल्यासारखे होईल. शिवाय दिवाळी जवळ आली आहे, म्हणून फटाक्यांचे ध्वनिमुद्रण अगदी बारीक आवाजात लावून चिकनच्या तुकड्यांबरोबर ऐकवण्याचे काम वडिलांनी आत्तापासूनच हाती घेतले आहे.