शोधनिबंधातलं 'केला गेला'

प्रश्न असा आला आहे: "शोधनिबंधात 'मी प्रयोग केला' असं लिहिलं होतं. मार्गदर्शकांनी ते खोडून 'संशोधकाद्वारे प्रयोग केला गेला' असं केलं. शास्त्रीय लेखनात कर्मणी प्रयोगच हवा का?"

पण 'मी प्रयोग केला' हा कर्मणीच आहे! 'प्रयोग'च्या जागी 'चाचणी' ठेवून पाहा: मी चाचणी केली. 'निरीक्षणे' ठेवा: मी निरीक्षणे केली. करणारी बाई असो की पुरुष, एक असो की दहा जण, क्रियापद कर्माच्याच मागे जातं, आणि हीच कर्मणीची खूण. म्हणजे त्या दुरुस्तीने एका कर्मणीचा दुसरा, लांबलचक कर्मणी झाला, एवढंच.

खटकतो तो खरं तर 'मी'. तो नको असेल तर सरळ गाळावा. 'नमुने सात दिवस वाळवले, मग त्यांचे वजन केले.' कर्ता गेला तरी वाक्य लंगडं झालं नाही, कारण क्रियापद त्याच्यावर टेकलेलंच नव्हतं. इंग्रजीला ही सोय नाही, म्हणून तिला वेगळी रचना करावी लागते. आपण तिचं शब्दशः भाषांतर करून 'केला गेला' म्हणत बसतो.

'द्वारे' तर मला फारच टोचतो. दुर्बिणीद्वारे निरीक्षण होतं. दुर्बीण साधन आहे. संशोधक साधन नव्हे. 'कडून' घातलं तर नकळत घडल्याची छटा येऊ शकते, 'माझ्याकडून चूक झाली' म्हणतो तशी.

'गेले' मुळीच नको, असं मात्र नाही. 'हस्तलिखिताची शेवटची पाने फाडली गेली आहेत' हे योग्य आहे. तिथे नुसतं 'फाडली आहेत' लिहिलं, तर वाचक ते लेखकाच्याच माथी मारेल! वर्तमानकाळात 'मी असे मानतो' हा मात्र कर्तरी, म्हणजे क्रियापद कर्त्याच्या मागे जाणारा; 'मी' गाळला तरी 'मानतो' त्याला दाखवतोच. तिथे 'असे म्हणता येईल' ही आपली जुनी, नेमकी सोय आहे.

आणि काही ठिकाणी कर्ता हवाच. 'पाच नोंदी वगळण्यात आल्या' हे वाचलं की मी थबकतो. कोणी वगळल्या, का वगळल्या? तिथे स्वच्छ लिहावं: 'पाच नोंदी आम्ही वगळल्या, कारण त्या दिवशी तापमापक बिघडला होता.'