तीन खोकी आणि एक लाल बस

आगमनकाळाचा, म्हणजे नाताळआधीच्या तयारीच्या आठवड्यांचा, पहिला रविवार जवळ आला की वसईतल्या आया माझ्याकडे, समुपदेशक म्हणून, एकच तक्रार घेऊन येतात. "मॅडम, गरीब मुलांना द्यायला खेळणी काढू म्हटलं तर आमचं पोर घर डोक्यावर घेतं. इतकं आपमतलबी कसं निघालं?" दिवाळीच्या आधी हाच प्रश्न हिंदू घरांतून येतो. म्हणून वसईतल्या अशाच एका ख्रिस्ती घराची गोष्ट सांगते, ओळख पटेल असे तपशील बदलून.

मुलगा आठ वर्षांचा. चर्चमधून पालघरकडच्या पाड्यांवर खेळणी जायची होती. तो झोपल्यावर मम्मीने पिशवी भरून दाराशी ठेवली. सकाळी त्याने त्यातली लाल बस काढून गादीखाली लपवली. सापडली तेव्हा "बाळ येशूला काय वाटेल?" इथपर्यंत गोष्ट गेली.

पहिल्या भेटीत आईच बोलत होती. घरी टाकाऊतून टिकाऊ गोठा, म्हणजे येशूजन्माचा देखावा, केला होता, त्याचा फोटो तिने कौतुकाने दाखवला. पुठ्ठ्याचा गोठा, वर्तमानपत्राचे डोंगर, जुन्या लग्नपत्रिकांचे तारे, करवंट्यांत नाचणी पेरून उगवलेली हिरवळ. खरंच देखणा होता. मी मुलाला विचारलं, "यातलं तू काय केलंस?"

"गाढव."

मी फोटोत गाढव शोधलं. होतं, पण ते एका मोठ्या माणसाच्या हाताचं होतं. आई म्हणाली, "त्याचं वाकडं झालं होतं. स्पर्धा आहे ना, मग मी दुसरं केलं." मुलगा चपलेच्या पट्ट्याशी खेळत राहिला.

पुढच्या भेटीत आम्ही दोघंच होतो.

"बस का काढून घेतलीस?"

"माझी आहे."

"आणि पिशवीतलं बाकीचं?"

तो बराच वेळ गप्प बसला. अशा वेळी मी मुलांना शब्द पुरवत नाही, हे मी वर्षानुवर्षांच्या कामातून शिकले आहे. शेवटी तो म्हणाला, "ते मी नाही दिलं. मम्मीने दिलं."

त्या दिवशी वहीत मी एवढंच वाक्य लिहिलं. आम्ही मोठी माणसं ज्याला त्याचा स्वार्थ म्हणत होतो, तो त्याचा न्याय होता. त्याच्या वस्तू तो झोपेत असताना गेल्या होत्या आणि त्याने केलेलं गाढवही तसंच गेलं होतं. हातात धरून 'हे माझं' असं म्हणायची सवड ज्याला मिळत नाही, त्याने 'हे तुझं' कुठून म्हणायचं?

आईशी बोलताना मी तिच्याच एका वाक्यावर थांबले. "माझ्या मुलाने हसत हसत दिलंच पाहिजे." 'असंच झालं पाहिजे' या हट्टातून आपण स्वतःला त्रास करून घेतो, असं मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ विचारपद्धती सांगते. तिच्यावर माझी श्रद्धा आहे, त्यामुळे वाक्यातला 'च' मला लगेच टोचतो. मी तिला विचारलं, "त्याने नाही दिलं तर तुम्ही कोण ठरता?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "वाईट आई," ती म्हणाली. खेळण्यांची पिशवी तिच्यासाठी तिच्या आईपणाची परीक्षा झाली होती.

मग मी मुलाला बुटांची तीन रिकामी खोकी दिली. एकावर त्याने लिहिलं 'ठेवायचं', दुसऱ्यावर 'द्यायचं', तिसऱ्यावर 'अजून ठरत नाही'. अट एकच होती: मम्मीने खोक्याला हात लावायचा नाही. आगमनकाळात चार रविवार असतात, दर रविवारी एक नवी मेणबत्ती लावायची: तीन जांभळ्या आणि एक गुलाबी. इतकी मोठी मुदत आपल्या परंपरेने आधीच देऊन ठेवली आहे आणि आपण एका रात्रीत पिशवी भरतो!

2013 मध्ये नादिया चेर्नियाक आणि तमार कुश्निर या संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. शाळेत जायच्या वयाआधीच्या मुलांना त्यांनी दुःखी बाहुली दाखवली आणि स्टिकर दिला. काहींना सांगितलं, 'तिला देच'. काहींना मात्र स्वतःकडे ठेवायचीही मोकळीक होती. नंतर दुसरी बाहुली आणि आणखी स्टिकर समोर आले, तेव्हा ज्यांनी आधी स्वतःहून अवघड निवड केली होती त्यांनी जास्त वाटले.

म्हणून पालकांनो, मुलाला विचारल्याशिवाय त्याची वस्तू देऊ नका. दिल्याबद्दल चॉकलेटचं बक्षीस नको, देतानाचा फोटोही नको. मोडकी खेळणी 'दान' म्हणून काढायला लावू नका; ती आधी त्याच्यासोबत बसून दुरुस्त करा. आणि त्याचं गाढव वाकडं असेल तर ते वाकडंच उभं राहू द्या.

तिसऱ्या रविवारनंतर त्याने 'द्यायचं' खोक्यात ठोकळ्यांचा संच ठेवला. मोजले तेव्हा दोन चाकं कमी भरली. त्याने बाटलीची झाकणं भोक पाडून बसवली आणि आत चिठ्ठी टाकली: 'ही चाकं हळू फिरवावी.' कुणी सांगितलं नव्हतं.

लाल बस चौथ्या रविवारीही 'अजून ठरत नाही'मध्येच होती. नाताळच्या आदल्या संध्याकाळी आईचा फोन आला. बस आता गोठ्यात, वाकड्या गाढवाशेजारी उभी होती. "विचारलं तर म्हणतो, गाढव दमलं तर मरियामाता बसने जाईल. मॅडम, काढायला सांगू का?"

"त्याची आहे ना? मग राहू दे," मी म्हटलं. पलीकडून ती पहिल्यांदाच मोकळं हसली.