पाण्याजवळचे तण आणि तणनाशक : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : तळ्याच्या काठावर पाणकणीस माजले आहे. शेतात वापरतो तेच ग्लायफोसेट तेथे फवारले तर चालेल का?

उत्तर : तणनाशक एकच असले, तरी प्रत्येक डब्यातील मिश्रण एकच नसते. ग्लायफोसेट मातीच्या कणांना घट्ट चिकटते. पण शेतीसाठीच्या काही उत्पादनांत द्रावण पानावर पसरावे म्हणून जे सहायक द्रव्य घातलेले असते, ते जलचरांना मूळ तणनाशकापेक्षाही अधिक घातक ठरू शकते. पॉलीइथॉक्सिलेटेड टॅलो अमाइन हे त्यांपैकी एक असून, युरोपीय संघाने २०१६ मध्ये ग्लायफोसेटच्या उत्पादनांतून ते वगळायला लावले. म्हणून लेबलवर पाण्यात किंवा काठावर वापरण्यास स्पष्ट मान्यता असेल, तेच उत्पादन घ्यावे. लेबल पाण्याबद्दल गप्प असेल, तर मान्यता नाही असेच समजावे. सहायक द्रव्य वेगळे मिसळायचे असल्यास त्यालाही हीच कसोटी लागू होते.

ग्लायफोसेट आंतरप्रवाही आहे, म्हणजे पानांतून शिरून ते वनस्पतीच्या आत सर्वत्र पसरते. कणसे आल्यानंतर पाणकणीस अन्न खाली कंदाकडे पाठवू लागते आणि त्या काळात फवारलेले औषधही त्याच वाटेने खाली उतरते. फवारणीआधी पाने कापू नयेत, कारण औषध शिरण्याची जागाच नाहीशी होते. तसेच चिखलाने माखलेल्या पानांवर फवारून उपयोग नाही, कारण मातीला चिकटण्याचा त्याचा गुण येथे आपल्या विरोधात जातो. संपूर्ण काठ मात्र उघडा करू नये. मुळांनी धरून ठेवलेली माती पहिल्याच जोरदार पावसात तळ्यात उतरते आणि तणापेक्षा मोठे दुखणे मागे लागते.

प्रश्न : संपूर्ण तळे जलपर्णीने झाकले आहे. एकाच दिवशी सगळीकडे फवारून विषय संपवावा का?

उत्तर : तसे केल्यास तण मरेल, पण त्यासोबत मासेही मरण्याची दाट शक्यता आहे, आणि तेही बहुतेक वेळा औषधाच्या विषाने नव्हे. मेलेल्या वनस्पती कुजताना सूक्ष्मजीव पाण्यातील विरघळलेला प्राणवायू वापरतात. मुळात उष्ण पाण्यात तो कमी मावतो : १० अंश सेल्सिअसला लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना सुमारे साडेसात. रात्री प्रकाशसंश्लेषण थांबल्याने तो आणखी घटतो, म्हणूनच पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडताना दिसतात. मेलेले मासे पाहून दोष औषधाच्या मात्रेला दिला जातो, आणि पुढच्या वेळी मात्रा कमी करून पुन्हा संपूर्ण तळे फवारले जाते. ही चूक सर्वांत सहज होणारी आहे.

लेबलने वेगळे सांगितले नसेल, तर एका वेळी तिसऱ्या हिश्शापेक्षा अधिक क्षेत्र घेऊ नये आणि दोन फवारण्यांमध्ये किमान १० ते १४ दिवसांचे अंतर ठेवावे. सुरुवात एका काठाकडून करावी, म्हणजे माशांना मोकळ्या पाण्याकडे सरकता येते. तण कोवळे आणि पाणी तुलनेने थंड असतानाच काम हाती घेणे सर्वांत शहाणपणाचे; आणि शक्य असेल तेथे जलपर्णी आधी ओढून बाहेर काढली, तर कुजण्यासाठी पाण्यात फारसे काही उरतच नाही. २,४-डी हे दुसरे तणनाशक वापरायचे असल्यास, लेबलची मान्यता पाहूनच, त्याचे अमाइन क्षार या रूपातील उत्पादन निवडावे. त्याची एस्टर रूपे माशांना साधारणपणे अधिक विषारी असतात.

प्रश्न : पाण्याखाली वाढणाऱ्या तणावर तेच औषध चालेल का?

उत्तर : नाही. ग्लायफोसेट पाण्याबाहेरील पानांवरच काम करते. पाण्यात पडले की ते विरळ होऊन वाया जाते. बुडालेल्या तणासाठीची औषधे वेगळी असतात, आणि त्यांची मात्रा अनेकदा पाण्याच्या घनफळावर ठरते. म्हणून क्षेत्रफळासोबत सरासरी खोलीही मोजावी लागते. त्यांपैकी डायक्वॅट गढूळ पाण्यात मातीला चिकटून निकामी होते, तेव्हा फवारणीआधी तळ ढवळू नये. फ्लुरिडोन हे दुसरे औषध फार सावकाश काम करते आणि पाणी वाहते असेल, तर त्याचा परिणाम होण्याइतका काळ ते टिकतच नाही.

प्रश्न : पहाटे वारा अजिबात नसतो. काठावर फवारण्यासाठी तीच वेळ उत्तम ना?

उत्तर : तसे वाटते खरे. परंतु निरभ्र, निवांत पहाटे जमिनीलगत थंड हवेचा थर साचतो. त्यात बारीक तुषार खाली न बसता तरंगत राहतात आणि पुढे कोठेही सरकतात. पाण्याकडून जमिनीकडे वाहणारी मंद, स्थिर झुळूक त्यापेक्षा बरी. नोझल मोठे थेंब पाडणारे असावे, दाब कमी ठेवावा आणि नोझल तणाच्या जवळ धरावे. पाण्याला अगदी लागून असलेल्या तणावर तर औषधात भिजवलेली वात किंवा स्पंज पुसणे अधिक सुरक्षित. मात्र त्यासाठीचे तीव्र द्रावण लेबलप्रमाणेच करावे.

प्रश्न : पंप तळ्यातच भरला आणि धुतला तर?

उत्तर : नळी टाकीतील द्रावणात बुडालेली असताना उपसा थांबला, तर द्रावण उलटे तळ्यात खेचले जाऊ शकते. म्हणून पाणी बादलीने काढून काठापासून दूर मिसळावे, किंवा नळीचे तोंड नेहमी द्रावणाच्या वर अधांतरी ठेवावे. रिकामा डबा तीनदा विसळून ते पाणी पंपाच्या टाकीतच ओतावे, आणि टाकी धुतलेले पाणी लेबलने मान्य केलेल्या क्षेत्रावरच फवारून संपवावे.